कुसुमताईंची रद्दी

“कोकण किनाऱ्यावरचा मी एकमेव डिजिटल गुप्तहेर,” राजाभाऊ कुणालाही अशी ओळख करून देतात. एकमेव हे खरं आहे. मी चौकशी केली. रत्नागिरीतल्या आमच्या बागायतदार संघाचे कॉम्प्युटर ते सांभाळतात. मी संस्कृती, त्यांची सहायक, बी.एस्सी., रसायनशास्त्र.

या खेपेला प्रकरण माझंच होतं. गोव्याच्या एका संशोधन संस्थेचं निवडपत्र यायचं होतं आणि अर्जात मी संघाचा ईमेल दिला होता. संस्थेनं फोनवर सांगितलं, पत्र दोनदा पाठवलंय, त्यातल्या लिंकवरून आज पाचपर्यंत होकार द्या, नाहीतर जागा दुसऱ्याला. साडेतीन वाजले होते. इनबॉक्समध्ये वजन घटवण्याच्या एकशे बारा जाहिराती होत्या. पत्र नव्हतं.

मी म्हटलं, रद्दीचा, म्हणजे स्पॅमचा, फोल्डर बघू. रद्दीत हौशी लोक शोधतात, असं राजाभाऊंनी सुनावलं. मग मेल सर्व्हरवरचे स्पॅम गाळणारे प्लगइन तपासायला ते टेबलाखाली शिरले आणि सगळे प्लग घट्ट बसवून बाहेर आले.

खरे प्लगइन, म्हणजे नको ती पत्रं गाळणारे छोटे प्रोग्राम, मी पडद्यावर दाखवले. पहिला अनोळखी पत्राला दारातूनच परत पाठवतो, थोड्या वेळानं या म्हणून.

“हा रत्नागिरीचाच असणार,” राजाभाऊ म्हणाले आणि त्याला निर्दोष सोडलं.

मग त्यांचा सिद्धान्त असा, की पत्र जाहिरातीच्या वेशात आलंय. त्यांनी एकेक जाहिरात उघडली. चाळिसावीपाशी जरा रेंगाळले, पोट आत घेतलं.

पावणेपाचला संघाच्या पत्रांची, आता ईमेलचीही, आवक-जावक बघणाऱ्या कुसुमताई चहा घेऊन आल्या. काय शोधताय, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

“मग रद्दीत बघ की गो. हल्ली चांगली पत्रं आपली आपणच तिथे जातात.”

“आपली आपण कशी?”

“काय माहीत. मी फक्त उत्तर दिलेली टाकत्ये. काम झालं की कागद रद्दीत, तीस वर्षं तसंच करत्ये.”

“आणि या जाहिराती इनबॉक्समध्ये का?”

“त्यांना उत्तर द्यायचं राहिलंय.”

दुसरा प्लगइन रद्दी बघून शिकणारा होता. ‘कळविण्यास आनंद होतो’ म्हणणारं प्रत्येक पत्र कचरा आणि चरबी वितळवणारा चहा महत्त्वाचा, हे तो कुसुमताईंकडून मन लावून शिकला होता.

पत्र रद्दीतच होतं, दोन्ही वेळचं. चार बावन्नला मी होकार पाठवला. राजाभाऊंनी वहीत नोंद केली: प्रकरण सुटलं, संशय पहिल्यापासून होताच.

कुसुमताईंनी माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं आणि माउस हातात घेतला.

“दिलंस ना उत्तर? मग टाकत्ये रद्दीत.”