वकीलसाहेबांनी पकडलेला चोर

समोरचा माणूस खरं बोलतोय की खोटं, हे आपल्याला त्याच्या खाकरण्यावरूनच कळतं, असं वकीलसाहेबांचं म्हणणं होतं. कोर्टात ते कितपत खरं ठरायचं ते त्यांचे अशील जाणोत. पण घरातलं वाय-फाय रांगायला लागलं तेव्हा साहेबांनी बायकोला छातीठोकपणे सांगून टाकलं, की कोणीतरी फुकट्या आपल्या नेटवर डल्ला मारतोय आणि आज जेवणाच्या आत तो सापडणार! बायकोने पिशवी उचलली आणि ती बाजारात निघून गेली.

कनेक्शन दोन घरांत मिळून होतं. राउटर साहेबांकडे, आणि भिंतीपलीकडे बाई. या बाईंनी साहेबांना चौथीत शिकवलं होतं. साहेबांचे केस पांढरे झाले, तरी जिन्यात बाई दिसल्या की ते अजून अंग चोरून भिंतीला टेकायचे. बाई आता एकट्याच राहायच्या, मुलगी लांबच्या गावी नोकरीला. अशा भोळ्या बाईंकडून कोणीतरी पासवर्ड उकळला असणार, हा साहेबांचा पक्का संशय.

त्यांनी फोनवर जोडलेल्यांची यादी उघडली. स्वतःचा फोन, बायकोचा फोन, टीव्ही, बाईंचा फोन. आणि सगळ्यात खाली नुसती अक्षरं आणि आकडे, धड नाव नाही की गाव नाही. साहेबांनी लगेच त्याला ब्लॉक केलं आणि दाराला कान लावून उभे राहिले. ज्याचं बंद पडेल तो बोंबलत बाहेर येईल, असा बेत होता. कोणी आलं नाही. चोर मुकाट्याने पळाला असं समजून साहेबांनी स्वतःसाठी चहा टाकला.

चहाला उकळी येते न येते तोच नेटवरूनच बाईंच्या मुलीचा फोन आला. 

"दादा, आईच्या खोलीतला कॅमेरा अचानक बंद पडलाय. ती फोनही घेत नाहीये. जरा बघता का?"

कॅमेरा!  चोर कोण ते आता साहेबांना कळलं होतं. बघतो बघतो म्हणत त्यांनी तोच फोन घेऊन यादी पुन्हा उघडली आणि घाईघाईत भलत्याच ओळीवर दाबलं. स्वतःचाच फोन ब्लॉक झाला. तिकडे मुलीला शेवटचं ऐकू आलं ते "अरे देवा!", आणि बोलणं तुटलं.

त्यावरून तिने काय समजायचं ते समजलं आणि खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना फोन लावला. दोन मिनिटांत डॉक्टर पेटी घेऊन वर आले, पाठोपाठ वॉचमन आणि वरच्या मजल्यावर काम करणारा सुतार. साहेब बाईंच्या दारावर धडाधड थापा मारत होते. आतून हूं नाही की चूं नाही. आता मात्र साहेबांना वेगळीच शंका आली. कॅमेरा आपण बंद केला हे खरं, पण नेमकं आत्ताच बाईंना काही झालं असेल तर? त्यांनी सुताराला कुलूप तोडायला सांगितलं.

दार मोडून सगळे आत घुसले. बाई न्हाणीघरातून बाहेर येत होत्या, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, शांतपणे टेबलावरचं कानाचं यंत्र उचलून कानात घातलं आणि विचारलं, "काय झालं?"

साहेब सगळ्यांत आधी धावले, त्यांचं केवढं लक्ष, असं वॉचमन कौतुकाने सांगत सुटला. डॉक्टरांनी साहेबांची पाठ थोपटली. साहेबांना ती थाप चाबकासारखी लागली.

बाई त्यांच्याजवळ आल्या आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "तू केलंस ना? वर्गातली काच फुटली तेव्हाही असाच पायांकडे बघत उभा होतास."

साहेबांनी होकारार्थी मान हलवली. घरी जाऊन, बाजारातून परतलेल्या बायकोकडून त्यांनी दोन्ही ब्लॉक काढून घेतले. त्या कॅमेऱ्यासाठी पासवर्ड तिनेच दिला होता. "जेवताना सांगितलं होतं मी तुम्हाला. हं म्हणालात," ती म्हणाली.

ते परत बाईंकडे गेले तेव्हा कॅमेऱ्यातून मुलीचा आवाज येत होता. तो बंद कसा पडला, हे ती विचारत होती. साहेब कबुली द्यायला खाकरले. पण बाई आधी बोलल्या.

"काही नाही गं, आपोआप बंद पडला."

चौथीच्या वर्गात एकही थाप खपवून न घेणाऱ्या बाई! साहेबांना वाटलं, त्यापेक्षा चार छड्या परवडल्या असत्या.

"दादा, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही," मुलगी म्हणाली.

साहेबांनी सवयीने मान खाली घातली. घाईत पायांत बायकोच्या चपला आल्या होत्या, आणि कॅमेऱ्यात त्या अगदी स्वच्छ दिसत असणार.