घाटगाडीच्या दाबपरीक्षेची हकीकत

श्री. जी ठिणगी चूलही पेटविते आणि यंत्रही फिरविते, तीस दंडवत करोन, जैसे घडले तैसे लिहिले असे. शके एकोणीसशे अकरा, शुक्लनाम संवत्सरे, पौष वद्य तृतीया. ते समयी डोंगरमाथ्यावरील राज्यात दवाखाना नव्हता. तो दोन घाट ओलांडोन परमुलुखात. आजारी माणूस तेथे न्यावयास सरकारची एकच जुनी पेट्रोलची जीप, तीस रयत घाटगाडी म्हणे. तिचे सारथी कासमभाई, साठीस टेकलेले, आणि तिची निगा राखणार यंत्रशाळेचे मिस्त्री शिवाप्पा पांचाळ. उभयतांचा वीस वर्षांचा स्नेह, भाकरी एके फडक्यातली. त्या साली गाडी चढास दम टाको लागली, मागे निळा धूर सोडो लागली, आणि कारभारी त्रिंबकपंत यांची आज्ञा जाहली की मिस्त्रीने इंजिन तपासोन लेखी अभिप्राय द्यावा.

मग शिवाप्पांनी इंजिन गरम करविले, चारही प्लग काढिले, ठिणगीची तार सोडविली, आणि दाब मोजावयाचे घड्याळ पहिल्या भोकात घट्ट बसविले. कासमभाईंनी चावी फिरविली. काटा ऐंशीवर थांबला, दुसऱ्यास चाळीस. तों शिवाप्पांच्या ध्यानी आले की कासमभाईंचा पाय पेट्रोलच्या पट्टीवर नाही. "भाईजान, पट्टी तळास दाबोन धरा, इंजिनास पुरता वारा मिळो द्या. नाहीतर काटा खोटे बोलेल," ऐसे बोलोन पुन्हा आरंभ केला. आता पहिल्यास एकशे पंधरा आले, चवथ्यास एकशे दहा, म्हणजे धड, आणि मधल्या दोहोंस साठ व पंचावन्न. शेजारचे दोन सिलिंडर एकदम उतरले म्हणजे पुष्कळदा दोहोंमधली गॅस्केट, म्हणजे वारा अडविणारा पातळ पत्रा, फुटलेली असते, आणि ती बदलणे दोन दिवसांचे काम. शिवाप्पांस उमेद आली. परंतु खात्री करणे प्राप्त, म्हणोन दोन्ही भोकांत चमचा चमचा तेल सोडिले आणि पुन्हा घड्याळ लाविले. गॅस्केट फुटली असती तर काटा जागचा हालता ना. तो चढला, शंभरास गेला. तेलाने फट बुजली, म्हणजे वारा पिस्टनच्या बाजूने निसटत होता. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या, सिलिंडर खाल्ले गेले. शिवाप्पांनी घड्याळ पुसोन तिसऱ्यांदा लाविले, मग चवथ्यांदा, आणि काटा तेच सांगत राहिला.

कासमभाईंनी पुसिले, "वाचेल का?"

"इंजिन शहरास पाठवोन सिलिंडर आतोन तासोन, बोअर करोन आणावे लागतील. दोन महिने. आणि पंत म्हणतील, एवढे कशास, मोडीत काढा."

कासमभाईंनी बोनेट खाली ओढोन लाविले. मग म्हणाले, "गाडी गेली की मलाही घरी बसवितील. शिवाप्पा, घरी बसोन मी काय करू? चैत्रापर्यंत लिही चालेल म्हणोन. मी जपोन चालवीन."

शिवाप्पांस ना म्हणवेना. त्यांनी कागद घेतला आणि 'इंजिन जुने, तथापि घाटास चालेल' ऐसे लिहोन सही केली. अक्षर सरळ आले, हेच त्यांस पुढे फार लागले.

माघ शुद्ध पंचमीस शाळेचे गुरुजी गणपतराव धायबर यांची स्त्री द्वारकाबाई मध्यरात्री बाळंतपणात अडली. सुईण म्हणाली, दवाखाना गाठा. गडी डोली घेवोन दारी उभे राहिले, परंतु चावडीवर मिस्त्रीचा कागद लाविलेला, गाडी चालेल म्हणोन. गुरुजींनी डोली परत पाठविली आणि गाडीची वाट पाहिली. इंजिन थंड, ते धरता धरता उजाडले. मग निघाले, पहिला घाट उतरले, आणि दुसऱ्याच्या चढास तिसऱ्या वळणी गाडीने धूर ओकला आणि मागे सरो लागली. कासमभाईंनी चाकांस धोंडे लाविले, आणि ते नि गुरुजी बाईंस घोंगडीत घालोन पायी चढले. दवाखान्यात बाई वाचली. मूल, मुलगी होती, ती रडली नाही.

शिवाप्पा दुसरे दिवशी गुरुजींचे दारी गेले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहोन म्हणाले, "गुरुजी, इंजिन गेलेले होते. मज ठाऊक होते."

गुरुजींनी वर पाहिले नाही. म्हणाले, "डोलीचे गडी दारात होते, मिस्त्री. निघालो असतो तर सूर्य उगवावयास दुसरा घाट चढलो असतो." आणि पुढे म्हणाले, "हे मज सांगावयास नको होते. आता रोज हेच मोजीत बसेन."

मग शिवाप्पा दरबारी गेले, खोटा अभिप्राय दिला म्हणोन कबूल केले, आणि शिक्षा मागितली. पंत बोलिले, "घाटच अवघड. दफ्तरी तैसेच लिहिले आहे. तुम्ही थकला आहा, घरी जावे." आणि वीस वर्षे गाडी राखिली म्हणोन फाल्गुनात त्यांस शेला दिला. भर सभेत नाकारावयाचे बळ त्यांस जाहले नाही. खांद्यावर घेतला, मुजरा केला.

एवंच वर्तमान: गाडी मोडीत गेली. कासमभाई लेकीकडे गेले, ते परतले नाहीत, आणि शिवाप्पांस त्यांचे पत्रही आले नाही. पुढील साली नवी गाडी आली, आणि शिवाप्पा तिचा दाब दर महिन्यास मोजीत, जो आकडा येई तोच लिहीत, आणि तो कागद कोणी वाचीत नसे. धायबर गुरुजी त्याच घरी राहिले. यंत्रशाळेहोन घरास जाण्याची जवळची वाट त्यांचे दारावरोन होती. शिवाप्पा मरेतो लांबच्या वाटेने गेले.