नत्थुजीचा बंडवाला

साहेबाचा चपराशी चंद्रभान दारात येऊन उभा राहिला, तेव्हा नत्थुजी माळी शेवंतीच्या माळा ओवत होता.

“साहेबानं बलावलं. तू गाडीवाल्यायले बंडवाल्याच्या जागा दाखवतं, असं त्याच्या कानावर गेलं. त्यालेबी पायी फिरून पाह्याच्या हायेत.”

सुई बोटात घुसली तरी नत्थुजीला कळलं नाही. अमेरिकेत लढाई जुंपून तिकडचा कापूस अडल्यापासून अमरावतीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रीघ लागली होती. माल उतरेपर्यंत गाडीवाले चार-चार दिवस रिकामे बसत. त्यांना गावभर हिंडवून नत्थुजी सत्तावन सालच्या एका बंडवाल्याची हकिगत सांगायचा. तो कुठे लपला, कुठे पाणी प्यायला, कुठल्या दगडावर टेकला. दगडाला शेंदूर नत्थुजीनेच फासला होता. शेंदूर दिसला की माणूस फूल वाहणारच, आणि फुलांची टोपली नत्थुजीच्याच डोक्यावर असायची. बंडवाला मात्र कधी झालाच नव्हता.

“अवो, खरं सांगून टाका,” त्याची बायको मनकर्णा म्हणाली.

“आन् त्यानं मानलं नाही तं? बंडवाल्याले आसरा देनाऱ्याले फाशी हाय, मनकर्णे!”

गावाच्या कोटाच्या अंबा दरवाज्यापाशी साहेब वही घेऊन उभा होता. मागे गाडीवाले जमले होते. बंडवाल्याचं नावच काढायचं नाही, असं नत्थुजीने ठरवलं.

“सरकार, हा आमचा म्हसोबा,” त्याने शेंदरी दगड दाखवला.

“काहून हो नत्थुजी?” अकोल्याचा गाडीवाला खुशालराव मागून ओरडला. “बंडवाला इथं बसून तरवारीले धार लावत होता म्हणे ना?”

चंद्रभानने ते साहेबाला समजावलं. साहेबाने वहीत काहीतरी लिहिलं. नत्थुजीला ते आपलंच नाव वाटलं.

पुढे विहिरीपाशी नत्थुजी घाईने म्हणाला, “ही साधी इहीर हाय, सरकार.”

“साधी कशी?” खुशालराव पुन्हा ओरडला. “तुमीच तं त्याले पोहरा काढून देला होता!”

पोहरा नत्थुजीने परवाच हकिगतीत घातला होता, तोही खुशालरावाच्या अंगावर काटा यावा म्हणून.

साहेब जवळ आला. “किधर है वो आदमी?”

नत्थुजीने त्याचे पायच धरले. “मायबाप, नव्हताच! म्या फुलं खपवासाठी थाप मारली. गदर झाली तवा मी अकोल्याले सासऱ्याच्या कडब्याच्या गंजीत लपून बसलो होतो!”

चंद्रभानने तेही समजावलं, तसा साहेब पोट धरून हसला. त्याने वहीतली पानं फाडली आणि नत्थुजीची कशी बोबडी वळली त्याची नक्कल करत तो चालता झाला.

गाडीवाले हसले नाहीत. खुशालरावाने पायांतले जोडे काढले.

“गोऱ्याले कसा बनवला!” तो हलकेच म्हणाला. “असं सोंग कोनाले जमते?”

“सोंग नाही बावा, खरंच भ्यालो होतो!”

“हो, हो. आमी कोनाले सांगत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजीच्या दारात पन्नास गाडीवाले उभे होते. मनकर्णाची टोपली केव्हाच रिकामी झाली होती. हे साहेबाच्या कानावर गेलं तर तो पुन्हा हसणार नव्हता. नत्थुजी दाराआडून हात जोडून सगळ्यांना जा म्हणून विनवत होता, आणि त्याचे पाय लटलट कापत होते.

“पाहा, कसा थरथरते!” खुशालराव नव्या गाडीवाल्यांना कौतुकाने दाखवत होता. “बायकोलेबी अजून बंडवाल्याचा पत्ता लागू देला नाही.”