साळिंदराची सरासरी

मुलांनो, जरा सरकून बसा, मागच्यांनाही ऐकू आलं पाहिजे.

एका जंगलात एक शाळा होती. तिचा फळा म्हणजे ओढ्याकाठचा ओला चिखल. बगळेगुरुजी रोज सकाळी त्यात निरनिराळ्या पायांचे ठसे उमटवायचे आणि पिलांनी ते वाचायचे. कोण आलं, कुठून आलं, चालत की पळत. जंगलात वाचन म्हणतात ते हेच.

त्या शाळेत भिंगरू नावाचं साळिंदराचं पिल्लू होतं. त्याने चिखलाकडे पाहिलं की ठसे जागेवर राहत नसत. हरणाचा खूर रानडुकराचा व्हायचा, डावा पाय उजवीकडे जायचा. भिंगरू पुन्हा पुन्हा बघायचा आणि रडकुंडीला यायचा.

पण तेच ठसे कुणी वाचून दाखवले तर गोष्ट वेगळी. एकदा शेजारच्या सशाने वाचलं, "तीन सांबरं पाण्यापर्यंत आली आणि न पिता परत गेली."

"मग वाघ पलीकडच्या काठावर असणार," भिंगरू म्हणाला. "आणि वारा इकडून तिकडे असणार. नाहीतर वास लागून सांबरं इथवर आलीच नसती."

गुरुजी एका पायावर उभे होते, ते दुसऱ्या पायावर उभे राहिले. "एवढं कळतं आणि वाचता येत नाही? हा नुसता आळस आहे."

भिंगरूला टेकडीवरच्या वर्गात जायचं होतं. तिथे म्हातारी हत्तीण हुशार पिलांना वारा, पाणी आणि वाटा यांचं गणित शिकवायची. त्याला दुसरं काही नको होतं. पण त्या वर्गाची प्रवेशपरीक्षा ठसे वाचूनच द्यावी लागे.

भिंगरूच्या आईला, साळूबाईला, कुणीतरी सांगितलं की सिंहमहाराजांनी कायदा केलाय. जे पिल्लू मागे पडेल त्याला शाळेने एक टिटवी द्यायची. टिटवीने शेजारी उभं राहून ठसे मोठ्याने वाचून दाखवायचे. साळूबाई तशीच कचेरीत गेली. तिथे कासवभाऊसाहेब होते.

"अर्ज पिलाने स्वतः लिहायचा. ठशांत," ते म्हणाले.

"अहो भाऊसाहेब, ते जमत नाही म्हणूनच तर अर्ज करतेय."

"मग तसं अर्जात लिहू दे की."

अर्ज कसाबसा झाला. गुरुजींनी भिंगरूची तपासणी केली. विचार करण्यात वीसपैकी एकोणीस. ठसे वाचण्यात वीसपैकी एक. गुरुजींनी बेरीज केली आणि दोनाने भागलं.

"दहा. छान. पिल्लू अगदी मधोमध आहे. ना मागे, ना पुढे."

"मधोमध कुठे आहे, गुरुजी? त्याचा एक पाय टेकडीवर आहे आणि एक खड्ड्यात."

"पण बाई, सरासरी जमिनीवरच येते ना?"

गुरुजी मनाने वाईट नव्हते. साळूबाई निघाली तेव्हा त्यांनी चोच तिच्या कानाजवळ नेली. "कायद्याला सरासरी पाचाच्या खाली लागते. ठशांचे गुण आणखी काय कमी होणार? विचाराचे जरा कमी करून आणा. आठ चालतील."

"ते कसे कमी करायचे?"

"गप्प बसायला शिकवा. जमतं सगळ्यांना."

घरी भिंगरूने विचारलं, "आई, उत्तर येत असलं तरी माहीत नाही म्हणायचं?"

"टिटवी मिळेपर्यंतच रे, बाळा."

"आणि हत्तीणबाईंनी विचारलं तर?"

"तिथे काय हवं ते बोल."

भिंगरू हुशार. पंधरा दिवसांत शिकला. फेरतपासणीत त्याला विचाराचे सातच गुण मिळाले, म्हणजे हवे होते त्याहून एक कमी. टिटवी मिळाली.

पहिल्या दिवशी टिटवीने ठसे वाचले आणि भिंगरू सगळं विसरून बोलत सुटला. ओढ्याच्या वरचं सांगितलं, खालचं सांगितलं, उद्या काय होईल तेही सांगितलं. गुरुजी धावत आले.

"अरे, हळू. असा बोललास तर तू मागे नाहीस असं ठरेल. टिटवी परत जाईल."

"मग मी टेकडीवर जातो. टिटवीला घेऊन."

"तिथे टिटवी चालत नाही. तो हुशार पिलांचा वर्ग आहे. त्यांना मदत कशाला लागेल?"

तेव्हापासून साळूबाई रोज कचेरीत जाऊ लागली. टिटवीला टेकडीवर सोडा, एवढंच तिचं मागणं. कासवभाऊसाहेबांचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर त्यांच्याच चालीने जात होता. इकडे भिंगरू वर्गात रोज "माहीत नाही" म्हणत होता. सुरुवातीला जीभ चावून म्हणायचा. पुढे चावावी लागत नसे.

वर्षाच्या शेवटी पुन्हा तपासणी झाली. विचाराचे दोन, ठशांचे दोन. गुरुजींना फार आनंद झाला. पिलाच्या बुद्धीत आणि वाचनात मोठी दरी होती, ती कायद्यामुळे पूर्ण मिटली, असा अहवाल त्यांनी सिंहमहाराजांना पाठवला. इतर शाळांची पाहुणेमंडळी भिंगरूला बघून गेली.

त्याच आठवड्यात साळूबाईचं मागणं मंजूर झालं. हुकूम घेऊन ती शाळेत आली. धापा टाकत होती.

"भिंगरू, चल. हत्तीणबाईंनी बोलावलंय. टिटवीसकट."

"तिथे प्रश्न विचारतात का, आई?"

"दिवसभर."

"मग नको. उत्तर दिलं की टिटवी काढून घेतात."

"नाही रे, आता कुणी काढणार नाही. हा हुकूमच आणलाय बघ."

टिटवीने हुकूम वाचून दाखवला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत. भिंगरूने नीट ऐकून घेतलं.

"कळलं ना, बाळा?" साळूबाईने विचारलं.

"माहीत नाही," भिंगरू म्हणाला.

तात्पर्य: मुलांनो, मदत मागायला जाताना ती कशासाठी हवी आहे हे घरीच विसरून जावं. म्हणजे अर्ज अडत नाही.