लठ्ठ्याला सोडा, बारक्याला आत घ्या

बंद पडलेला कोड्यांचा खेळ टीव्हीवर पुन्हा सुरू होणार म्हणून कपडेपटातल्या शिंपी मास्तरांच्या जिवाला घोर लागला होता. सूत्रधार नवा, पण सोनेरी कोट जुनाच हवा होता. लोक खेळाला कोटावरूनच ओळखत. तसलं कापड आता कुठं मिळत नव्हतं. "कोटाला काही झालं, तर मशीन गुंडाळायचं," असं बाईंनी बजावलं होतं. बाई दिग्दर्शक, मास्तर रोजावरचे.

चित्रीकरणाच्या सकाळी सूत्रधार, एक लठ्ठ नट, माप द्यायला बनियनवर उभा होता. बाहेर बाकावर एक बारका निवेदक कशाला बसलाय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात बाईंचा फोन आला.

"मास्तर, लठ्ठ्याला सोडा आणि बारक्याला आत घ्या! लवकर!"

फोन बंद.

"कोट एक आणि अंगं दोन!" मास्तर पुटपुटले.

"जोडीनं करणार असतील," इस्त्रीवाली मावशी म्हणाली. "अर्धा याला, अर्धा त्याला."

"एका कोटात दोघं?"

"टीव्हीवर काय वाट्टेल ते चालतं, मास्तर."

मास्तरांनी देवाचं नाव घेऊन लठ्ठ्यासाठी डावी शिवण सैल सोडायला उसवली; उजवी बारक्यासाठी आत घ्यायची होती.

"मी जाऊ का?" लठ्ठ्यानं विचारलं.

"थांबा हो, तुमचीच बाजू सोडतोय."

दारावर बारक्याची टकटक झाली. "मला आत घेताय ना?"

"घेतोय, घेतोय! उजवीकडून!"

बाई आल्या तेव्हा कोट तयार होता. एका बाजूनं पोतं, दुसऱ्या बाजूनं पिशवी.

"हा अजून इथंच? अहो, याला काढलंय!"

"मला काढलंय?" लठ्ठ्या बनियनवरच तरातरा निघून गेला. बारक्यानं कोट पाहिला आणि तोही त्याच्यामागं गेला.

"मास्तर, गुंडाळा मशीन!" बाई कडाडल्या. प्रेक्षक तर येऊन बसले होते. पहिल्या रांगेत जुना सूत्रधार होता, पाहुणा म्हणून बोलावलेला. बुडत्याला काडीचा आधार, म्हणून बाईंनी त्यालाच ओढून आणलं.

वयानं त्याचा उजवा खांदा उतरला होता आणि पोट डावीकडं कललं होतं. कोट असा बसला, जणू अंगावरच उगवलाय. तो मंचावर गेला आणि शिट्ट्यांनी छप्पर हाललं.

बाईंनी घाम पुसला. "मास्तर, ह्यांना आता सोडायचं नाही."

मास्तर आता शहाणे झाले होते. "शिवणीत की कामावरून?"

"दोन्हीकडं!"

"आणि मला?"

"तुम्हाला कायमचं आत घेतलंय!"

मास्तरांनी निमूटपणे पोट आत ओढलं.