तिसऱ्या पायरीचा फॉल्ट

मागच्या नवरात्रात मी एक अजिबात न बिघडलेला सर्किट बोर्ड दुरुस्त केला.

बोर्ड पंचूमामांचा. पूर्ण नाव पंचापकेश राव. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. आम्ही पश्चिम मांबलममध्ये राहायला आलो त्या दिवशी सामान वर चढत होतं आणि हे सत्तरीचे गृहस्थ जिन्यात उकिडवे बसून आमच्या मिक्सरची समजूत काढत होते. "तुला कोणीं नीट अर्थिंगच दिलं नाहीं कीं," ते त्याला म्हणत होते. मराठीत. चेन्नईत पाऊल ठेवल्यापासून कानावर पडलेलं ते पहिलं मराठी वाक्य, आणि तेही आम्हाला उद्देशून नव्हतं.

मामांचे पूर्वज तंजावरला गेले तेव्हा जी मराठी बरोबर नेली, तीच मामा अजून वापरतात. वाटेत तिला तमिळ चिकटत गेलं, वाक्यामागे 'बाबा'सारखा एक 'पा' लागला, पण जुनी टाकून नवी घ्यावी असं त्यांना कधी वाटलं नाही. ते काहीच टाकत नाहीत. ते बोलायला लागले की हातात मल्टिमीटर घेतलेला एखादा बखरकार समोर उभा आहे असं वाटतं. मी अकोल्याचा, पण मामांच्या भूगोलात तुंगभद्रेच्या पलीकडे सगळं बाँबे, म्हणून मी 'बाँबे तंबी'. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. माझ्या बाबतीत त्याचा अर्थ 'ज्याला काही कळत नाही असा', हेही मला फार उशिरा कळलं.

मामांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. तिथे हजारो रिले दिवसभर टकटक करायचे. रिले म्हणजे विजेवर उघडझाप करणारा छोटा खटका. पुढे ते सगळे भंगारात निघाले. बरोबरच्या लोकांनी निवृत्तीला भिंतीवरची घड्याळं घेतली; मामांनी पोतंभर रिले मागून घेतले. त्या पोत्यातून त्यांचा हा दिव्यांच्या माळा खेळवणारा बोर्ड तयार झाला. तो बसवलाय लग्नाच्या पाटावर. ज्या पाटावर बसून त्यांचं लग्न लागलं, त्याच पाटाला भोकं पाडून नऊ रिले ओळीनं ठोकलेत. "तुम्हाला हे चाललं?" असं मी एकदा अंबुजामामींना विचारलं. त्या प्रसन्न हसून म्हणाल्या, "हो, खाऊन जा."

मामींचं हे नेहमीचंच. काहीही विचारा, उत्तर 'हो, खाऊन जा'. मी त्याला आतिथ्य समजत होतो. बोर्ड चालू झाला की खोलीत डबक्यातल्या बेडकांसारखा कल्लोळ व्हायचा आणि मामी त्याच्या शेजारी बसून शांतपणे गजरे गुंफायच्या. संसार माणसाला किती सोसायला शिकवतो, असं माझ्या मनात यायचं. हे उदाहरण मी माझ्या बायकोला, सायलीला, दोनतीनदा दिलंही होतं. मी निरीक्षक माणूस आहे. सिरुसेरीतल्या एका मोठ्या कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो.

"मामा," मी म्हटलं होतं, "नखाएवढी चिप हे सगळं काम करेल. आवाजसुद्धा होणार नाही."

मामांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "आवाज नाहीं तर तें काम करतंय कीं झोपलंय, कसं समजायचं पा?" आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य आलं: "माझ्या सर्किटांत फॉल्ट नसतो. फॉल्ट माणसांत असतो." हे वाक्य ते वायरमनला ऐकवतात, लिफ्टवाल्याला ऐकवतात. एकदा रक्तदाब मोजणाऱ्या डॉक्टरलाही ऐकवून आले होते.

नवरात्रात इकडे घरोघर कोलू मांडतात. नऊ पायऱ्या, त्यांवर पांढरं कापड, त्यावर बाहुल्या. संध्याकाळी बायका बघायला येतात आणि कुंकू लावून, सुंडल घेऊन जातात. सुंडल म्हणजे खोबरं घातलेली हरभऱ्याची उसळ. माझ्या मते हा सण तिच्यासाठीच आहे. मामींचा कोलू गल्लीत प्रसिद्ध. नऊ पायऱ्यांना नऊ माळा. मामांचा बोर्ड त्या खालून वर पेटवत नेतो, वरून खाली विझवत आणतो आणि मग सगळ्या एकदम लावतो.

पहिल्याच संध्याकाळी मी सुंडल खात बसलो होतो. मध्येच तिसरी पायरी आपली पाळी नसताना दोनदा विझली आणि पेटली.

"मामा, फॉल्ट."

"नाहीं."

"तिसरी पायरी. आत्ता विझली."

"तें तसंच आहे. हात लावूं नको पा."

आता हे मला सांगायचं? पुढच्या पाच संध्याकाळी मी मांडीवर वाटी आणि हातात मोबाइल घेऊन त्या पायरीवर पाळत ठेवली. वेळांची नोंद केली, तक्ता केला, आलेख काढला. ऑफिसच्या कामातही मी इतका झिजलो नसेन. आलेखात एक गोष्ट लख्ख दिसत होती: घरी कोणी पाहुणी आली, बेल वाजली, की पायरी विझते. कोणी आलं नाही की विझत नाही. एवढी स्वच्छ माहिती हाताशी असल्यावर मी निष्कर्ष काढला तो असा: पाहुण्या वजनदार आहेत, त्या दारात उभ्या राहिल्या की जुनी फरशी हादरते, आणि फरशी हादरली की बोर्डातली एखादी वायर हलते.

हा निष्कर्ष मी सायलीला सांगितला. ती म्हणाली, "हे त्यांच्यासमोर बोलू नकोस."

नववा दिवस सरस्वतीपूजेचा. या दिवशी हत्यारं देवापुढे ठेवतात, आणि दसऱ्याची सकाळ होईपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. मामा यात भारी कडक. सोल्डरिंग आयर्न, पकड, पाचही स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, सगळ्यांना गंध-कुंकू लावून ते सरस्वतीपुढे झोपले होते. माझा लॅपटॉपही त्यांनी उचलून नेला आणि त्यावर झेंडूचं फूल ठेवलं. चारच्या सुमारास मामींनी त्यांना विड्याच्या पानांना आणि ब्लाउजपीसना टी. नगरला पिटाळलं. तिकडे दिवाळीच्या खरेदीची गर्दी. म्हणजे दोन तासांची निश्चिंती. संध्याकाळ मामींच्या मोठ्या पाहुण्यांची होती. वर्षातून एकदाच भेटणाऱ्या, तंजावरकडच्या नात्यातल्या बायका येणार होत्या. अशा दिवशी तिसरी पायरी मिचकावत राहणं मला बघवेना.

"मामी, मी जरा बोर्ड बघू का?"

"हो, खाऊन जा."

परवानगी मिळाली. कोलूच्या मागे पाटावर वाकलो आणि चोर सापडला. तिसऱ्या रिलेतून एक बारीक, दोन तारांची हिरवी वायर निघून भिंतीकडेनं, कॅलेंडरच्या मागून दाराकडे गेली होती. दिव्यांशी तिचा काही संबंध नव्हता. पकड पूजेत असल्यामुळे मी ती नेलकटरनं कापली. पाच मिनिटं थांबून पाहिलं. तिसरी पायरी शिस्तीत पेटत होती. मी विजयी मुद्रेनं घरी गेलो.

सहा वाजता सायली कुंकवाला म्हणून समोर गेली आणि लगेच परत आली. "मामी दार उघडत नाहीयेत. चौघीजणी दहा मिनिटं बेल वाजवतायत. त्यांच्या आधी आलेल्या दोघी तर निघूनही गेल्या, म्हणे मामी कशावरून तरी रागावल्यात."

बेल वाजत होती; आमच्या घरात ऐकू येत होती. मी आमच्या मागच्या बाल्कनीत गेलो. तिथून मामांचा हॉल दिसतो. मामी नऊवारी नेसून, केसांत गजरा माळून कोलूसमोर पाटावर बसल्या होत्या. शेजारी कुंकवाचा करंडा. नऊ पायऱ्या सुरेख खेळत होत्या. पण मामींचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. त्या फक्त तिसऱ्या पायरीकडे बघत होत्या. बेल पुन्हा वाजली. त्यांनी मान हलवली नाही. मग पदर सारखा केला आणि पुन्हा तिसऱ्या पायरीकडे बघत बसल्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलेख नीट उभा राहिला.

जिन्यात मामा वर येत होते, दोन्ही हातांत पिशव्या. दारातल्या बायका बघून ते थबकले. मग माझ्याकडे पाहिलं.

"तंबी. तिसरी पडी?" पडी म्हणजे पायरी.

"दुरुस्त केली, मामा."

ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि बायकांकडे वळून म्हणाले, "पांच मिनिटं यांच्या घरीं बसा. माझ्या सर्किटांत फॉल्ट आहे."

हे वाक्य त्यांच्या तोंडून यापूर्वी कोणी ऐकलं नसेल. चार बायकांसमोर, भर जिन्यात.

सायलीनं सगळ्यांना आमच्या घरात बसवलं आणि गेलेल्या दोघींना फोन लावला. मामा मला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात म्हणाले, "तीन वर्षं झालीं तिला ऐकूं येत नाहीं. कानाचं मशीन नको म्हणते. तिच्या आईला असंच झालं होतं. लोक आधीं ओरडून बोलले, मग हातानं बोलले, मग आलेच नाहींत. बेल वाजली कीं तिसरी पडी विझते. बसल्यावर तिच्या डोळ्यासमोर तीच येते. बाकी सगळं ती ओठांवरून चालवते."

"आणि नवरात्र नसताना?"

"देवघरांतला बल्ब."

तो बल्ब फडफडतो म्हणून गेल्या दिवाळीत मी त्यांना नवा नेऊन दिला होता.

"मामा, आज तुम्हीच दार उघडा ना. नाहीतर उघडंच ठेवू."

"उघडं ठेवलं तर लोक तिच्या पाठीमागून येतील, ती दचकेल. आणि मी उघडलों तर तिला समजेल कीं आपलं गुपित फुटलं. पुढच्या वर्षीं ती कोलू मांडणार नाहीं."

"मग वायर जोडू. सोल्डरिंग आयर्न..." म्हणून मी थांबलो. ते सरस्वतीपुढे होतं.

मामांनी विचारलं, "कशानं कापलंस?"

"नेलकटरनं."

"तेंही पूजेंत ठेवायला पाहिजे होतं," मामा म्हणाले. "हत्यार नाहीं तर नाहीं. नुसतं पिळून जोडलेलं माझ्या सर्किटांत चालत नाहीं. हात आहेत तुला."

मामांनी किल्लीनं दार उघडून पिशव्यांच्या निमित्तानं मामींना स्वयंपाकघरात नेलं, तेवढ्यात मी आत शिरलो. पुढचे दोन तास मी कोलूच्या मागे, पांढऱ्या कापडाखाली, बोर्डाकडच्या हिरव्या वायरीतल्या दोन तारांची टोकं दोन हातांत धरून बसलो होतो. बेल वाजली की टोकं दोनदा एकमेकांना लावायची. कानाशी नऊ रिले. पाठीला फळी. कापडाच्या फटीतून मला मामींचा चेहरा दिसत होता. मी टोकं टेकवली की तो उजळायचा. त्या गुडघ्यावर हात ठेवून उठायच्या आणि दार उघडून मोठ्या आवाजात "या, या" म्हणायच्या, जणू बेलच्या आधीच त्यांना चाहूल लागली होती. दाराशी एक बाई त्यांना म्हणाली, "मामी, तुमचे कान म्हणजे..." मामी हसल्या आणि "हो, खाऊन जा" म्हणाल्या.

काम मी चोख केलं असं मात्र म्हणता येणार नाही. एकदा डास मारण्याच्या नादात उशीर झाला आणि बेल तीनदा वाजली. एकदा शिंक आली, टोकं जुळली. मामी उठून दार उघडून आल्या, बाहेर कोणी नव्हतं. मामा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

निघून गेलेल्या दोघी परत आल्या, बसल्या, गायल्या. मामी त्यांच्या ओठांकडे बघत मांडीवर ताल धरत होत्या.

शेवटची पाहुणी गेली, दार लागलं, मामांनी बोर्ड बंद केला. मी बाहेर कसं निघावं या विवंचनेत असतानाच पुढून कापड उचललं गेलं. मामी वाकून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी सुंडलची वाटी माझ्या हातात दिली, हिरव्या वायरीकडे बघितलं आणि मामांकडे वळून, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या,

"वायरच बरी होती पा. तिला सुंडल लागत नव्हतं."