नाशिकला पाठवलेला आवाज

परगावच्या उमेदवाराने फोनवरच्या मुलाखतीआधी आठ दिवस आपला आवाज नोकरीच्या गावी हलवावा, असा नियम असल्यामुळे प्रणिता कंधारकरने सोमवारी सकाळी आपला आवाज नांदेडहून नाशिकला रवाना केला. बाकीची ती निवड झाल्यावर निघणार होती.

पदवी घेऊन तीन वर्षं घरात बसलेली प्रणिता या नोकरीकडे डोळे लावून होती. एकदाचं नांदेड सोडायचंच, असं तिने ठरवलं होतं. रविवारभर तिने आवाजाकडून उत्तरं घोटून घेतली आणि शेवटी बजावलं, "साहेब काहीही म्हणोत, नाही म्हणायचं नाही." बजावायलाही तोच आवाज वापरावा लागला, पण त्याला इलाज नव्हता.

स्टँडवर कंडक्टरने आवाजाचं अर्धं तिकीट दिलं. प्रणिताच्या आईने, विमलबाईंनी, सोबत ज्येष्ठमधाची पुडी दिली.

"मावशी, घसा तर इथंच राहायलाय की," कंडक्टर म्हणाला.

"राहू द्या हो. परक्या गावात लेकराजवळ काहीतरी असावं."

नाशिकला आवाज प्रणिताच्या मावशीकडे उतरला. पुढच्या मंगळवारी कंपनीच्या पिंगळेसाहेबांचा तिथे फोन आला. मावशीने नांदेडची लाइनही जोडून दिली. इकडे प्रणिता इस्त्रीचा ड्रेस घालून, मांडीवर प्रमाणपत्रं घेऊन ऐकत बसली. आवाज फार छान बोलत होता.

"नाशिकला कधी येऊ शकाल?" साहेबांनी विचारलं.

"आलेच आहे, सर."

"वा! आणि बाकीच्या तुम्ही?"

"नांदेडला. आईजवळ."

"मग त्यांना तिथंच राहू द्या. आपलं सगळं काम फोनवरचं. शिवाय ऑफिसात खुर्च्या कमी आहेत. चालेल ना?"

प्रणिता ताडकन उठली. तिची बॅग भरून दाराशी तयार होती. तिने जोरजोरात मान हलवली, तोंड उघडलं, पण बाहेर यायला आत काही नव्हतं.

"चालेल, सर," आवाज लगेच म्हणाला. शिकवलं होतं अगदी तसंच.

नेमणूकपत्र आलं. विमलबाईंनी गल्लीत पेढे वाटले आणि प्रणिता ताट धरून त्यांच्यामागे फिरली.

"पोरगी कधी जाणार मग?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"गेली की, मागच्या सोमवारीच," विमलबाई म्हणाल्या. काकूंनी दोन पेढे घेतले.

रविवारी नाशिकहून आवाजाचा फोन आला. जेवण वेळेवर होतं का, पाणी मानवलं का, साहेब रागीट तर नाहीत ना, विमलबाईंनी अर्धा तास सगळं विचारलं. शेजारी प्रणिता मेथी निवडत होती. तिला आईच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून रडावंसं वाटत होतं. ती रडलीही, पण विमलबाईंना ऐकू आलं नाही.

फोन ठेवून विमलबाईंनी पदराने डोळे टिपले आणि तिच्याकडे वळून म्हणाल्या, "प्रणिता खुशाल आहे गं तिकडं. तुझीबी चौकशी करत होती."